काटा दोनशेवर, पण लोखंड कितीवर? घरगुती पावडर कोटिंगमधून संशोधनाचा प्रश्न कसा घडतो

मागच्या उन्हाळ्यात घनसावंगीला मावशीकडे गेलो होतो. मावसभावाने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पावडर कोटिंग सुरू केलंय हे फोनवर ऐकलं होतं. ऑनलाइन मागवलेली छोटी गन, जुना कॉम्प्रेसर आणि मावशीचा नानकटाईचा ओव्हन, एवढंच भांडवल. गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाचे पार्ट रंगवायचे, कारण हे काम करून घ्यायला इथून थेट वाळूजला किंवा जालन्याला जावं लागतं. कल्पना चांगली होती. मी गेलो तेव्हा मात्र तो तोंड पाडून बसला होता.

तीन कामं केली होती. पत्र्याचा एक ब्रॅकेट छान झाला. जीपच्या ॲल्युमिनियमच्या टॅपेट कव्हरवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं आली. आणि ट्रॅक्टरचं ओतीव लोखंडी टायमिंग कव्हर, जे सगळ्यांत सुंदर चकाकत होतं, ते पंधरा दिवसांत परत आलं. डिझेल सांडलं तिथे निळा रंग मऊ पडला होता आणि नखाने निघत होता. ट्रॅक्टरवाला गावातलाच, त्यामुळे पैसे परत आणि वर चर्चा.

"दादा, पावडरच डुप्लिकेट हाय. निळी दुसऱ्या दुकानातून आणली व्हती," हे त्याचं निदान. उपायही ठरलेला होता: महागडी पावडर आणि मोठा ओव्हन, त्यासाठी कर्ज. अर्ज भरून तयार होता.

पेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठे?" म्हणून आज हेच उदाहरण घेऊया. इथे प्रश्न समोर पडला होता, उत्तरही तयार होतं, आणि ते उत्तर चूक असेल तर कर्जाचा हप्ता खरा होता.

आधी समजून घेऊ: पावडर कोटिंग म्हणजे काय

नेहमीच्या रंगात रेझिन थिनरमध्ये विरघळवलेलं असतं. थिनर उडून जातो, थर मागे राहतो. पावडर कोटिंगमध्ये थिनर नसतोच. रेझिन, त्याला जोडणारं रसायन आणि रंगद्रव्य एकत्र वितळवून, थंड करून, दळून पीठ केलेलं असतं. कणाचा सरासरी आकार ३० ते ४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण निम्मा.

कोरडं पीठ उभ्या धातूला चिकटतं ते विजेमुळे. गनच्या टोकाला ऋण दाबाची वीज असते, कारखान्यातल्या गनमध्ये ६० ते १०० किलोव्होल्टपर्यंत. टोकाजवळची हवा आयनित होते, ते आयन कणांवर बसतात आणि भारित कण अर्थिंग केलेल्या पार्टकडे ओढले जातात. म्हणून अर्थिंग चोख पाहिजे. हुकावर आधीच्या कामाची भाजलेली पावडर साचली असेल तर तो हुक विजेच्या दृष्टीने बंद झाला असं समजा.

याच विजेमुळे एक अडचणही येते. इंजिनाच्या पंखांमधल्या खाचेत किंवा आतल्या कोपऱ्यात पावडर जातच नाही, बाहेरच्या कडांवर मात्र ढीग होतो. भारित कण जवळच्या धातूकडे वळतात, खाचेच्या आत विद्युतक्षेत्र पोचत नाही. याला फॅरेडे पिंजऱ्याचा परिणाम म्हणतात. अशा वेळी व्होल्टेज वाढवण्याचा मोह होतो. खरं तर ते कमी करावं लागतं आणि हवेचा जोरही कमी ठेवावा लागतो.

यानंतर भाजणं. आपल्या गोष्टीचं मूळ इथे आहे, म्हणून नीट बघूया.

चकाकी आधी येते, पक्केपणा नंतर

ओव्हनमध्ये पार्ट तापला की दोन गोष्टी होतात, आणि त्या एकाच वेळी होत नाहीत.

पहिली: साधारण १०० ते १३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पावडर वितळते, वाहते आणि सपाट होते. पृष्ठभाग आरशासारखा दिसायला लागतो.

दुसरी: त्याहून वर, नेहमीच्या पावडरींमध्ये १६० ते २०० अंशांच्या पट्ट्यात, रेझिनच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडल्या जातात आणि एकसंध जाळं तयार होतं. थराला मजबुती येते ती या जाळ्यामुळे. डिझेल, ऑइल, दगडाचा मार हे सगळं तेच सोसतं.

मधेच भट्टी बंद केली तर काय मिळतं? चकचकीत पण कच्चा थर. वरून कीर्तन, आतून तमाशा. डोळ्यांना फरक कळत नाही, कारण चकाकी पहिल्या टप्प्यातच आलेली असते.

पावडरच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं, "२०० अंशाला १० मिनिटं" किंवा "१८० अंशाला १५ ते २० मिनिटं". बहुतेक माणसं वाचतात ते आकडे. "धातूचं तापमान" हे शब्द नजरेतून सुटतात. ओव्हनचा काटा हवेचं तापमान सांगतो, आतल्या लोखंडाचं सांगत नाही. तवा तापला म्हणजे भाकरी भाजली असं कुणी म्हणत नाही, पण ओव्हनच्या बाबतीत आपण नेमकं तेच म्हणतो.

मावसभाऊ तिन्ही कामांत ओव्हन सुरू करायचा, काटा २०० वर ठेवायचा आणि २० मिनिटांनी बंद करायचा.

वहीच्या एका पानावरचा हिशेब

प्रयोगाआधी हिशेब करायची सवय लावून घ्या. आमचा हिशेब दहा मिनिटांत झाला.

एखादी वस्तू तापवायला लागणारी उष्णता = वजन × विशिष्ट उष्णता × तापमानातली वाढ. सुरुवात ३० अंशावर, शेवट २०० अंशावर, म्हणजे वाढ १७० अंश. लोखंडाची विशिष्ट उष्णता किलोमागे साधारण ०.४६ किलोज्यूल प्रति अंश, ॲल्युमिनियमची ०.९.

- पत्र्याचा ब्रॅकेट, ०.३ किलो: सुमारे २३ किलोज्यूल
- ॲल्युमिनियमचं टॅपेट कव्हर, १.५ किलो: सुमारे २३० किलोज्यूल
- लोखंडी टायमिंग कव्हर, ६ किलो: सुमारे ४७० किलोज्यूल

पहिल्या आणि तिसऱ्या पार्टमध्ये वीसपट फरक आहे, आणि वेळ मात्र दोघांना सारखीच दिली.

ओव्हन १५०० वॉटचा. सगळी उष्णता पार्टला मिळत नाही. ओव्हनच्या भिंती, जाळी आणि दाराच्या फटी आपला वाटा घेतात. समजा एक चतुर्थांश पार्टपर्यंत पोचते, म्हणजे ३७५ वॉट. मग टॅपेट कव्हरला २०० अंश गाठायला सुमारे १० मिनिटं लागतील आणि टायमिंग कव्हरला सुमारे २१ मिनिटं. म्हणजे ज्या क्षणी लोखंडाला भाजायला सुरुवात व्हायची, त्याच्या आधीच ओव्हन बंद!

या हिशेबातलं "एक चतुर्थांश" मी धरून चाललोय, मोजलेलं नाही. शिवाय याच हिशेबाने ब्रॅकेट एका मिनिटात तापायला हवा, जे शक्य नाही, कारण तेवढ्यात ओव्हन स्वतःच तापलेला नसतो. म्हणजे हलक्या वस्तूसाठी हे गणित चालत नाही. कुठलंही सूत्र वापरलं की ते कुठे मोडतं हे शोधा आणि तसं लिहा. व्हायवात परीक्षक हाच प्रश्न विचारतात.

लपून बसलेला घटक: व्होल्टेज

बोलता बोलता कळलं की ब्रॅकेट आणि टॅपेट कव्हर सकाळी केले होते, टायमिंग कव्हर संध्याकाळी. संध्याकाळी त्यांच्या गल्लीत लाइट मंद होते. पंखा हळू फिरतो, हे सगळ्यांना माहीत. पण पंख्याचा ओव्हनशी संबंध कुणी जोडला नव्हता.

हीटर कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. समजा २३० चे १९० व्होल्ट झाले. घट दिसायला १७ टक्क्यांची, पण १९० भागिले २३० चा वर्ग ०.६८ येतो. म्हणजे १५०० वॉटचा ओव्हन सुमारे १०२० वॉटचा झाला, जवळजवळ एक तृतीयांश शक्ती गेली. वरच्याच गृहीतावर टायमिंग कव्हरला आता २१ च्या जागी सुमारे ३१ मिनिटं लागतील.

पुन्हा सांगतो, हा अंदाज आहे. त्या संध्याकाळी व्होल्टेज किती होतं हे कुणीच मोजलेलं नव्हतं. हिशेबाने कुठे बघायचं ते कळलं. तिथे खरंच काय आहे हे मोजल्याशिवाय कळणार नव्हतं.

"पावडर डुप्लिकेट" हे निदान का टिकत नाही

मावसभाऊ चुकीचा विचार करत नव्हता. त्याने तीन निकाल पाहिले, त्यांतला फरक शोधला आणि कारण सांगितलं. गोची इतकीच की तीन कामांमध्ये फरक एक नव्हता. पावडर वेगळी, धातू वेगळा, वजन वेगळं, दिवसाची वेळ वेगळी. चार गोष्टी एकत्र बदलल्या आणि दोष गेला त्यांतल्या एकीवर, जी सहज दिसली आणि जिच्यासाठी दुकानदाराला बोल लावता आला तिच्यावर.

पुस्तकात याला घटकांची सरमिसळ म्हणतात. दोन कारणं प्रत्येक वेळी जोडीनेच बदलत असतील तर निकाल कुणामुळे लागला हे कितीही डोकं चालवून सांगता येत नाही. विश्लेषण कितीही भारी केलं तरी ही चूक नंतर दुरुस्त होत नाही, ती प्रयोगाची आखणी करतानाच टाळावी लागते.

म्हणून आधी निदानाची साधी चाचणी केली. थर दोन प्रकारे फसतो. थर पापुद्र्यासारखा निघून खाली धातू उघडा पडत असेल, तर पकड कमी आहे, म्हणजे बहुधा सफाई खराब. थिनर लावलेल्या फडक्याने घासल्यावर थर मऊ होऊन रंग फडक्याला भरपूर लागत असेल, तर थर कच्चा आहे. आम्ही टायमिंग कव्हर घासलं, फडकं गडद निळं झालं. मावसभाऊ लगेच म्हणाला, "बघ, पावडर खराब!" म्हटलं, थांब. नीट भाजलेल्या थराचाही थोडासा रंग निघतो. "गडद" कशाच्या तुलनेत?

ही तुलनेची वस्तू म्हणजेच नियंत्रण नमुना. त्याच डब्यातली निळी पावडर पत्र्याच्या तुकड्यावर मारली आणि व्यवस्थित भाजली. तो तुकडा घासला तर फडक्यावर जेमतेम निळी झाक. तीच पावडर, तेच फडकं, तोच थिनर. "डुप्लिकेट"चा दावा तिथेच लंगडा पडला.

मोजायचं ते मोजा

मग घनसावंगीतच मिळालेला एक साधा मल्टिमीटर आणला, थर्मोकपलच्या तारेसकट. खर्च काही शे रुपये. अशी तार किती अंशांपर्यंत चालते ते आधी तपासून घ्या. सोबत येणाऱ्या साध्या तारा साधारण २५० अंशांपर्यंतच्या असतात. तारेचं टोक कव्हरच्या सगळ्यांत जाड भागाच्या बोल्टच्या भोकात, बोल्टखाली दाबून बसवलं. सगळ्यांत जाड भाग सगळ्यांत उशिरा तापतो, म्हणून मोजायचं तिथे. पातळ कडेवर मोजलं तर आकडा खुशीचा येईल, पण उपयोगाचा नाही.

दर मिनिटाला आकडा वहीत. २० मिनिटं झाली तेव्हा ओव्हनचा दिवा कधीच विझला होता, म्हणजे थर्मोस्टॅटच्या मते काम झालेलं होतं. लोखंड मात्र अजून भाजण्याच्या पट्ट्यात शिरलं नव्हतं. मावसभाऊ बराच वेळ मीटरकडे बघत राहिला. नंतर दुकानदाराबद्दल काही बोलला नाही.

थर्मोस्टॅट त्याच्याजवळची हवा ओळखतो. हवा तापली की तो कॉइल बंद करतो, मग उष्णता हळूहळू पार्टमध्ये झिरपते. म्हणून नियम असा: घड्याळ ओव्हन लावल्यापासून नाही, धातूने ठरलेलं तापमान गाठल्यापासून सुरू करायचं.

मग सफाईचं काय? इथे प्रयोगाची आखणी लागते

कच्चेपणा कळला. पण सफाईसुद्धा पेट्रोलच्या फडक्याने पुसण्यापुरतीच होती. जुन्या इंजिनाच्या ओतीव धातूत ऑइल मुरलेलं असतं. ते पुसून जात नाही, तापल्यावर घामासारखं बाहेर येतं. टॅपेट कव्हरवरच्या भोकांचं कारण बहुधा हेच. धातूच्या सूक्ष्म छिद्रांतली हवा आणि तेलाची वाफ वितळलेल्या थरातून फुटून निघते. उपाय म्हणून पावडर मारण्याआधी रिकामा पार्ट भाजण्याच्या तापमानापेक्षा थोडा जास्त तापवतात, बाहेर आलेलं पुसतात आणि मग कोटिंग करतात.

तर प्रश्न दोन: भाजणं आणि सफाई. प्रत्येकाच्या दोन पातळ्या.

- सफाई: फक्त पुसणं, किंवा डिग्रीझर, घासणं आणि आधी तापवणं
- भाजणं: घड्याळाने २० मिनिटं, किंवा जाड लोखंड १८० अंशाला पोचल्यावर २० मिनिटं

चार जोड्या, प्रत्येकीचे तीन नमुने, म्हणजे १२ तुकडे. सोपं वाटतं ना? इथेच तीन खड्डे आहेत, आणि बऱ्याच सिनॉप्सिस त्यांत पडतात.

पहिला खड्डा: नमुना कशाचा? मावसभावाने पत्र्याचे तुकडे कापायला घेतले होते. पण पत्रा लगेच तापतो. त्याच्यावर २० मिनिटांची पद्धतही पास होईल आणि आपण म्हणू, "फरक नाही". म्हणून १२ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचे तुकडे घेतले आणि प्रत्येक वेळी ओव्हनमध्ये जोडीला जड लोखंड ठेवून एकूण वजन खऱ्या कामाएवढं, सारखं ठेवलं. त्यांना जुनं इंजिन ऑइलही आधी लावून ठेवलं. जिथे खरी अडचण येते ती परिस्थिती नमुन्यात असलीच पाहिजे.

दुसरा खड्डा: एकाच वेळी तीन तुकडे भाजले म्हणजे तीन पुनरावृत्त्या झाल्या का? नाही! त्या दिवशी व्होल्टेज पडलं तर तिघांवर सारखाच परिणाम होणार. भाजण्याच्या दृष्टीने ती एकच पुनरावृत्ती. एका कुकरमधल्या तीन डब्यांत भात लावला म्हणून कुकर तीनदा लावला असं होत नाही. याला खोटी पुनरावृत्ती म्हणतात आणि प्रबंध परत येण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

म्हणून ओव्हन सहा वेळा लावायचा: तीनदा घड्याळाने, तीनदा धातूच्या तापमानाने. प्रत्येक वेळी आत दोन तुकडे, एक साधा पुसलेला, एक नीट साफ केलेला. सफाईची तुलना एकाच भट्टीच्या आत होते, भाजण्याची तुलना भट्ट्या-भट्ट्यांमध्ये होते.

हा आराखडा शेतीतून आलाय. मोठ्या वाफ्याला पाण्याची एक पद्धत द्यायची आणि त्याच वाफ्याचे लहान भाग करून वेगवेगळी वाणं लावायची, कारण पाणी लहान तुकड्यांना वेगवेगळं देणं अवघड असतं. १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात अशा विभाजित वाफ्यांच्या प्रयोगाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. आपल्या शेजारी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना हा आराखडा पाठ असतो. इथे ओव्हन म्हणजे मोठा वाफा, तुकडे म्हणजे लहान वाफे.

तिसरा खड्डा: क्रम. तीन "घड्याळ" भट्ट्या सकाळी आणि तीन "धातू" भट्ट्या संध्याकाळी लावल्या तर व्होल्टेज पुन्हा घुसलं. म्हणून सहा चिठ्ठ्या टाकल्या आणि जी निघेल ती पद्धत. मावशीने चिठ्ठ्या काढल्या, तिला कशावर काय लिहिलंय हे माहीत नव्हतं, हेही बरंच झालं.

तपासणी दोन प्रकारची. धारदार पात्याने आडव्या-उभ्या रेघांची जाळी कापायची, चिकटपट्टी लावून ओढायची आणि किती चौकोन निघाले ते पाहायचं. ही पकडीची चाचणी आयएसओ २४०९ या मानकात सविस्तर दिलेली आहे. दुसरी थिनरची, प्रत्येक तुकड्यावर सारख्याच वेळा आणि सारख्याच जोराने घासून. तुकड्यांच्या मागे फक्त क्रमांक. गुण देणाऱ्याला कुठला तुकडा कसा केलाय हे कळता कामा नये. म्हणून घासलं मी आणि गुण दिले शेजारच्या बारावीतल्या मुलाने.

निघालं काय? घड्याळाने भाजलेले तुकडे थिनरला टिकले नाहीत, तो भाग अपेक्षित होता. पण माझाही एक अंदाज चुकला. मला वाटत होतं, नीट भाजलं की साधं पुसणं चालून जाईल. तसं झालं नाही. नीट भाजलेले पण फक्त पुसलेले तुकडे थिनरला टिकले, मात्र पट्टीसोबत चौकोन सोडून मोकळे झाले. म्हणजे भाजल्याने थर पक्का होतो, तो धातूला धरतो ते सफाईमुळे. दोन वेगळे गुण, दोन वेगळी कारणं. एकच चाचणी केली असती तर मी अर्धवट उत्तर घेऊन आत्मविश्वासाने परत आलो असतो.

करून बघणार असाल तर

हे वाचून कुणी शेडमध्ये उतरणार असेल, तर या गोष्टी आधी वाचा.

अन्नाचा ओव्हन एकदा पावडरसाठी वापरला की तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. मावशीला नवा घ्यावा लागला आणि ते योग्यच झालं. काही पॉलिएस्टर पावडरींमध्ये टीजीआयसी नावाचं जोडरसायन असतं, ते जनुकांना घातक मानलं जातं. मास्क, हातमोजे आणि खेळती हवा पाहिजेच.

हवेत उडालेली बारीक पावडर ठिणगीने पेट घेऊ शकते, बंद जागेत स्फोटही होतो. गॅसची शेगडी, विडी, उघडी कॉइल यांच्याजवळ फवारणी नको. पेट्रोलने पुसलेला पार्ट ओला असताना ओव्हनमध्ये ठेवायचा नाही.

गंज काढायला नदीची वाळू वापरू नका. गोदाकाठी ती सहज मिळते, पण तिच्यातली सिलिका फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. बंद पेटीत काचेचे मणी किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरा. आणि एक दाणा जरी ऑइलच्या मार्गात राहिला तरी बेअरिंगची वाट लागते, म्हणून ब्लास्टिंगनंतर पार्ट धुऊन, प्रत्येक भोकातून हवा मारून, उजेडात धरून तपासा.

आटे, गॅस्केटची बैठक आणि बेअरिंगची भोकं सिलिकॉनच्या बुचांनी आणि उष्णता सोसणाऱ्या पट्टीने झाका. थर ७० मायक्रॉनचा असेल तर भोकाचा व्यास १४० मायक्रॉनने कमी होतो. बेअरिंगची बसण तर काही दशक मायक्रॉनच्या फरकावर ठरते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर साधी पावडर टिकत नाही. आणि पावडरचा डबा मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, ती उष्णतेने गुठळ्या धरते आणि आपोआप थोडी जुनी होते.

या सगळ्यातून सिनॉप्सिससाठी काय घ्यायचं

आपल्या प्रश्नाची तीन रूपं बघा.

पहिलं: "चांगली पावडर कोणती?" यात चांगली म्हणजे काय, कशासाठी, हे काहीच नाही.

दुसरं: "ओव्हनच्या तापमानाचा कोटिंगवर परिणाम." हे संशोधनासारखं दिसतं, पण मोजतोय चुकीची गोष्ट.

तिसरं: "जुन्या ओतीव लोखंडावर, धातूचं तापमान नियंत्रित करून भाजल्यास, थराची पकड आणि द्रावक सोसण्याची क्षमता किती बदलते, आणि तो बदल सफाईच्या पद्धतीवर अवलंबून आहे का?" इथे वस्तू ठरली, बदलायचे घटक ठरले, मोजायचे गुण ठरले, आणि उत्तर "नाही" येण्याचीही जागा आहे. तुमच्या विषयाचं वाक्य या तिसऱ्या रूपापर्यंत आणा. विषय ऊस असो, शाळा असो, बचत गट असो, कसोटी हीच.

आणि दुसऱ्या रूपात अडकू नका. आपण बऱ्याचदा जे मोजायला सोपं तेच मोजतो आणि मग त्यालाच महत्त्वाचं ठरवतो. शाळेतली हजेरी मोजतो, शिकणं नाही. खताच्या गोण्या मोजतो, मुळापर्यंत पोचलेलं नत्र नाही. प्रत्येक विषयात असा एक काटा असतो जो दोनशेवर गेलेला दिसतो. तुम्ही विचारायचं, आतलं लोखंड कितीवर आहे?

मावसभावाने कर्जाचा अर्ज अजून फाडलेला नाही, पण दिलेलाही नाही. ट्रॅक्टरवाल्याचं कव्हर जुना थर काढून नव्याने केलं, पैसे न घेता. शेडच्या भिंतीवर आता एक वही टांगलेली आहे: तारीख, वजन, व्होल्टेज, धातू १८० ला पोचल्याची वेळ. टॅपेट कव्हरची भोकं आधी तापवून कमी झालीत, गेलेली नाहीत. एका कव्हरला येतात, दुसऱ्याला नाही. परवा त्याचाच फोन आला होता, "दादा, दोन्ही कव्हर सारखीच साफ केली, वेळ पण सारखी. मग नेमकं काय बदललं असंल?"

मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, वहीत बघ आधी.